मालकाची तयारी नाही

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. तिला तर मी हेसुद्धा सांगून बसलोय, की पहिल्या नोकरीत अंधाऱ्या गोठ्यात एका वळूला गाय समजून दोन मिनिटं तपासत होतो, आणि मालक मागं कंदील धरून तोंडात धोतराचा सोगा कोंबत होता. माझ्या फजितीच्या गोष्टी मीच वाटत फिरतो. लग्नात, बारशात, एकदा तर तेराव्यालासुद्धा. माणूस स्वतःवर हसला की लोक त्याची झडती घेत नाहीत, हे मला फार लवकर कळलं. तुम्हीही सुरुवातीला हसाल. हसा. मला सांगायची दुसरी रीत येत नाही.

मी जनावरांचा डॉक्टर. सध्या नांदेडला आहे, त्याआधी अकरा वर्षं लातूरला होतो. लातूर का सोडलं, असं कुणी विचारलं की मी म्हणतो, 'रेल्वेनं आलेलं पाणी पिऊन कंटाळलो, म्हटलं गोदावरीकाठी जावं.' लोक हसतात. विषय संपतो.

पाण्यासाठी नाही सोडलं लातूर.

थोडं मागं जाऊ. माझे एक मामा होते, अहमदपूरच्या बाजूला खेड्यात. कुणाची म्हैस गाभण असली की लोक मामांना बोलवायचे — वगार होणार का हल्या, हे सांगायला. वगार म्हणजे मादी, म्हणजे पुढं घरात दूध. हल्या म्हणजे नर, तो कुणालाच नको. मामा म्हशीच्या पाठीवरून हात फिरवायचे, डोळे मिटायचे आणि मोठ्यानं सांगायचे, "वगार!" दरवेळी वगारच. मग निघताना गोठ्याच्या मागच्या भिंतीवर गुपचूप कोळशानं लिहून ठेवायचे — हल्या. वगार झाली तर मामांच्या घरी खरवसाचं पातेलं. हल्या झाला आणि मालक तणतणत आला, तर मामा त्याला हाताला धरून भिंतीपाशी नेणार. "बघ की लेका. मला त्याच दिवशी ठावं होतं. तुझं तोंड बघून जीभ उचलंना." मालक उलट पाया पडून जायचा. मामा आयुष्यात एकदाही चुकले नाहीत.

आम्ही पोरं ही गोष्ट ऐकून गडबडा लोळायचो. मी डॉक्टर झालो आणि मामांची ती भिंत कागदावर आणली.

कशी, ते सांगतो. लातूरला घरोघरी कुत्री आली तसा मी म्हशींवरून कुत्र्यांवर आलो. वय झालेल्या कुत्रीच्या स्तनात गाठ होणं फार सर्रास. घरच्यांचे प्रश्न ठरलेले — कॅन्सर हाय का? किती दिवस काढील? याचं खरं उत्तर बोटांत नसतं. बोटांना थोडं कळतं. गाठ केवढी आहे, किती दिवसांत वाढली, सरकते की खाली मांसाला चिकटलीय, वरची कातडी फुटलीय का, जांघेतही गाठ लागते का. एवढ्यावरून अंदाज बांधता येतो. पण खात्री करायची तर गाठ कापावी लागते, तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत घालून लॅबला पाठवावा लागतो, छातीचा एक्स-रे काढावा लागतो. आणि मग गप्प बसावं लागतं, रिपोर्ट येईपर्यंत. कॉलेजात आमच्याकडून घोकून घेतलं होतं — साधारण अर्ध्या गाठी साध्या निघतात, अर्ध्या वाईट. म्हणजे न तपासता बोलणं म्हणजे नाणं उडवणंच.

मी नाणं उडवायचो. नाही — तेही नाही. नाणं उडवणारा निदान एक बाजू तरी धरतो. मी दोन्ही धरायचो. तोंडानं म्हणायचो, 'साधी गाठ आहे, बिनघोर राहा.' आणि माणसं जिना उतरली की केसपेपरवर लिहायचो, 'घातक असण्याची दाट शक्यता. सहा महिने.' कुत्री जगली तर डॉक्टर देवमाणूस. मेली तर कपाटातून कागद काढायचा, चष्मा पुसायचा आणि हळू आवाजात म्हणायचं, "मला कळलं होतं हो. सांगवलं नाही." रडणारी माणसं माझेच हात हातात घ्यायची. लॅबला बाटली पाठवणं तर मी बंदच करून टाकलं होतं. रिपोर्ट आला की अंदाजाची किंमत काय राहते?

एक अडचण होती फक्त. कागदावर 'घातक' लिहिलं, तर मग कापली का नाही, तेही कागदावर यायला हवं. म्हणून मी खाली आणखी एक ओळ जोडायचो. 'ऑपरेशनचा सल्ला दिला. मालकाची तयारी नाही.' ही ओळ आमच्या धंद्यात सगळेच लिहितात, आणि बहुतेक वेळा ती खरी असते. माझी कधीच नसायची. मामांच्या भिंतीत मी केलेली ही सुधारणा — आणि अभिमान किती होता मला तिचा! उदगीरहून, निलंग्याहून लोक गाडीत कुत्री घालून यायचे. म्हणायचे, ह्यांच्या डोळ्यातच मशीन हाय.

आता महानंदाकाकूंकडे यायलाच हवं. मघापासून मी टाळतोय, तुमच्या लक्षात आलं असेल.

काकूंच्या यजमानांचं, आप्पांचं, गंजगोलाईच्या बाजारपेठेत भांड्यांचं दुकान. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, बोलणं तोलून. आणि काकू म्हणजे त्या घराची आठवण. कुणाच्या लग्नात गारा पडल्या, कुठल्या जावेनं कुठल्या साली कसलं पातळ नेसवलं, धाकट्याचा गोवर कोणत्या तिथीला उतरला — सगळं काकूंना विचारायचं. दुकानातला माणूससुद्धा गिऱ्हाईकाचं नाव विसरला की घरी फोन करून काकूंना विचारायचा. आप्पा कौतुकानं म्हणायचे, "आमच्याकडं कॅलेंडर लागत न्हाई." मुलं पुण्याला, सुना पुण्याला. घरात ही दोघं आणि गुंडी. गुंडी म्हणजे पांढरी पामेरियन. दहा वर्षांची, चिडखोर. मला तीनदा चावलेली, आणि तिन्ही वेळा चूक माझी, असं काकूंचं ठाम मत.

वेळा अमावास्येचा, म्हणजे आमच्याकडच्या शेतात जाऊन जेवायच्या सणाचा, दुसरा दिवस. आप्पा दुकानात, म्हणून काकू एकट्याच ऑटोनं आल्या. एका हातात गुंडी, दुसऱ्या हातात माझ्यासाठी भज्जीचा आणि आंबिलाचा डबा. मी गुंडीला तपासलं. मागच्या स्तनापाशी सुपारीएवढी गाठ. बोटाखाली सरकत होती, कातडी धड होती, जांघेत काही लागत नव्हतं. नीट ऐका — कापायला याहून चांगली वेळ नसते. गाठ एवढीशी असताना काढली, तर ती वाईट निघाली तरी पुष्कळदा कुत्री आपलं म्हातारपण पुरं करते. हे मला माहीत होतं. पुस्तकातलं नव्हे, हातानं केलेलं माहीत होतं.

मी म्हणालो, साधी गाठ आहे. काकू गेल्या. मी हात धुऊन डब्यावर बसलो, आणि जेवता जेवता डाव्या हातानं कागद पुढं ओढून त्या तीन ओळी लिहिल्या. घातक. सहा महिने. मालकाची तयारी नाही. कागदाच्या कोपऱ्याला तेलाचं बोट लागलं. इतकं सहज.

उन्हाळ्यात दोघंही आले. गुंडी आप्पांच्या खांद्यावर होती आणि खोकत होती. गाठ मोसंबीएवढी झालेली, फुटलेली, तिला वास मारत होता. मी एक्स-रे काढला. दोन्ही फुप्फुसांत पांढरे ठिपके, अंगणात गारा पडून राहाव्यात तसे. आता कापण्यात अर्थ नव्हता.

काकू बाहेर बाकड्यावर गुंडीला मांडीवर घेऊन बसल्या. आप्पा आत आले. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमी हिला साधी गाठ म्हणला होता म्हणं."

मी काय केलं असेल? कपाट उघडलं. चष्मा पुसला. कागद त्यांच्यापुढं सरकवला. म्हटलं, आता रडतील, माझा हात धरतील. आप्पांनी कागद ओठ हलवत वाचला आणि विचारलं, "तुमाला ठावं होतं. मग कापली का न्हाई?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. मामांना तर तो कुणी विचारणं शक्यच नव्हतं. म्हशीच्या पोटात हल्या असला तर त्याची वगार करता येत नाही. तिथं अंदाज चुकला काय, बरोबर आला काय, जे व्हायचं ते होणारच. इथं तसं नव्हतं. इथं भाकीत करायचं ते काहीतरी करता यावं म्हणूनच. आणि माझी युक्तीच अशी, की बोलताना नेहमी चांगलंच बोलायचं, वाईट ते कागदाला सांगायचं. म्हणजे ज्यांच्या कुत्रीला सुरीची गरज होती, त्या प्रत्येकाला मी 'बिनघोर राहा' म्हणून घरी पाठवलं होतं. प्रत्येकाला. अशा किती? मला सांगता येत नाही. मोजायचं धाडस मी केलेलं नाही.

हे सगळं त्या खुर्चीत मला क्षणात कळलं, असं म्हणालो तर ते तुम्हाला बरं वाटेल. पण कळलं वगैरे काही नाही.  बोट तेवढं आपोआप कागदावरच्या शेवटच्या ओळीवर गेलं.

"मालकाची तयारी नाही," आप्पांनी वाचलं. मग वर बघितलं. "मालक म्हंजे कोण? मी तर आलोच नव्हतो."

मी म्हणालो, "काकू आल्या होत्या."

तीन शब्द. तिन्ही खरे. पोलिसांपुढं, देवापुढं, कुठंही म्हणता येतील असे. मी खोटं बोलतोय असं त्या क्षणी मला वाटलंसुद्धा नाही — आपण केवढे हुशार, असं वाटलं. हे लिहायला मला बारा दिवस लागले, ते या एका वाक्यापायी.

आप्पा उठून बाहेर गेले. दार अर्धंच लागलं होतं.

"तुला ह्यांनी कापायला सांगितलं होतं. तू नको म्हणालीस. आन् मला येऊन साधी हाय म्हणून सांगितलंस."

"कवा? अवो, साधीच म्हणले की ते!"

"कागदावर हाय, महानंदा. तारीख हाय."

 बाहेर गुंडी तेवढी खोकत होती. मी बेसिनचा नळ सोडला आणि उगाच हात धूत उभा राहिलो.

नऊ दिवसांनी गुंडी गेली. आप्पांनी तिच्या कपाळाला विभूती लावून तिला शेतात पुरलं, असं कंपाउंडरनं मला सांगितलं. आणखी एक गोष्ट त्यानंच सांगितली — आप्पा घरात काकूंशी बोलत नाहीत. जेवतात, ताट सरकवतात, दुकानात जातात.

मग एका दुपारी काकू एकट्या आल्या. हातात डबा नव्हता. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"डॉक्टर, गुंडी गेली ती गेली. तिचं वय झालं होतं. पण तुमी मला साधी म्हणला होता, तेवढं ह्यांना सांगा. पंचेचाळीस वर्सांत मी ह्यांच्याशी खोटं बोलले न्हाई. आता ते माझ्याकडं बघत न्हाईत हो."

इथं माझ्या हातात सगळं होतं. एक फोन. 'आप्पा, चूक माझी.' काय झालं असतं? लोक चार दिवस हसले असते — आणि लोकांना हसवणं हाच तर माझा धंदा. आप्पांनी शिव्या दिल्या असत्या. पोटावर पाय आला असता का? थोडा आला असता. पण मी त्याला भ्यालो नव्हतो. ते डोळ्यातलं मशीन जाणार होतं ना — त्याला भ्यालो.

मी म्हणालो, "काकू, मी तुम्हाला सगळं समजावून सांगितलं होतं. वय झालं की होतं असं. माणूस विसरतो."

त्यांनी कागद मागितला. मी दिला. पदराच्या टोकानं चष्मा पुसून त्यांनी तो वाचला, तारखेवर बोट ठेवलं.

"हाव. वेळा अमावास्येचा दुसरा दिवस. भज्जी जरा खारट झालती यंदा. तुमच्या टेबलावर निळी पावडर सांडलेली होती. बाहेर एक माणूस शेळी घेऊन बसला होता, शेळीचा कान फाटलेला." त्यांनी बोट तारखेवरून खालच्या ओळीवर नेलं. "एवढं सगळं ध्यानात हाय. मग तेवढंच कसं गेलं, डॉक्टर?"

मी खांदे उडवले. हो. तोंडानं बोललोसुद्धा नाही, नुसते खांदे.

 काकूंनी कागद घडी न करता टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मग मीच ऐकलं नसंल. तुमच्यावर आळ घेतला, मनात ठेवू नका." आणि मला — मला — हात जोडून गेल्या.

त्यानंतर काय झालं ते आप्पांकडूनच कळलं. तीनचार महिन्यांनी ते दवाखान्यात आले, गुंडीची उरलेली औषधं परत द्यायला. दुसऱ्या कुणाच्या कामी येतील म्हणाले. बसले, चहा घेतला. सांगू लागले — काकूंना डोक्याच्या डॉक्टरला दाखवलं, तिथं काही निघालं नाही, पण आता घरात सगळे लक्ष ठेवतात. घरात एकदा 'ही विसरते' असं ठरलं की काय होतं, बघितलंय कधी? दूध उतू गेलं — विसरते. चष्मा सापडत नाही — विसरते. माझ्या घरी महिन्यातून चारदा दूध उतू जातं, त्याला आम्ही दूध उतू गेलं असंच म्हणतो. सुनेनं पुण्याहून येऊन तिजोरीची किल्ली आप्पांकडं दिली. दुकानातला माणूस आता काकूंना फोन करत नाही. विचारलं तर त्याच म्हणतात, ह्यांना विचार बाबा, माझा काय भरवसा.

"तुमच्यामुळं टायमावर ध्यानात आलं बघा," आप्पा म्हणाले. "न्हाई तर आमी आपले हिचंच खरं धरून चाललो असतो."

मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेलो. वर्षाच्या आत लातूरचा दवाखाना गुंडाळला. त्या घराच्या रस्त्यानं जावं लागू नये, याखेरीज दुसरं कारण नव्हतं.

आता मी प्रत्येक गाठ लॅबला पाठवतो. रिपोर्ट येईपर्यंत 'माहीत नाही' म्हणतो. हे मी माझ्या बाजूनं म्हणून सांगत नाहीये. सगळे डॉक्टर हेच करतात, मी ते उशिरा करायला लागलो, इतकंच.

गेल्या महिन्यात आप्पांचा फोन आला. धर्माबादला त्यांच्या भाचीकडं कुत्री आहे, तिच्या स्तनात गाठ झालीय, आणायची म्हणत होते. आणा म्हटलं. मग विचारायला नको होतं ते विचारलं — काकू कशा आहेत?

"बरी हाय की. आता भांडत न्हाई. पैलं लई भांडायची, डॉक्टर असं म्हणलेच न्हाईत म्हणून. आता येणाऱ्याजाणाऱ्याला आपणच सांगती — डॉक्टरांनी कापायला सांगितलं होतं, मीच नको म्हणाले, माझ्यामुळं गेली गुंडी. तुमी खुर्ची ओढून कसं जवळ बसून सांगितलं, ते पण सांगती. सगळं आठवलंय तिला आता." मग लांबून कुणाला तरी, "अगं, डॉक्टर हायेत नांदेडचे, बोलतीस का?" आणि फोनमध्ये पावलांचा आवाज, जवळ येणारा.

मी म्हणालो, पेशंट आलाय. आणि फोन ठेवला. दवाखान्यात कुणीही नव्हतं.

खुर्ची ओढून मी जवळ बसलो नव्हतो. काकूंनी त्या दिवशी मला दोनदा विचारलं होतं — एकदा टेबलापाशी आणि एकदा दारातून परत वळून, चप्पल घालता घालता, "नक्की साधीच ना, डॉक्टर?" मी कागदावरून मान वर न करता म्हणालो होतो, "साधीच." त्यांनी नीट ऐकलं होतं.